कारंजं उडतंय तोवर वाद

तिवसगडची पाणचक्की बंद पडून चाळीस दिवस झाले होते, आणि ती का बंद पडली यावर दरबारात वाद सुरू होऊन एकोणचाळीस!

सगळ्या गावाचं पीठ त्या एका चक्कीवर. आता ती दुपारी घटकाभर गुरगुरायची आणि पुन्हा गप्प. घरोघर जात्यावर हात सोलवटत होते. दरबारातली म्हातारी मंडळी मात्र पाळ्या लावून दिवसरात्र भांडत होती. थांबायची ती फक्त दुपारी, जेवून आडवं व्हायला.

"चूलपट्टी दुप्पट करा!" प्रधान मोरेश्वरपंत गरजले. "त्यातून बैल घेऊ, चक्कीला जुंपू. पाण्यावर भरवसा नाही, बैल काही आटत नाहीत!"

"दुप्पट? लोक चुलीच विझवतील!" खजिनदार भिकाजीपंतांनी मांडीवर थाप मारली. "त्यापेक्षा शाळा बंद करा. तिच्या खर्चात बैलही येतील आणि कडबाही. पोरं शिकून काय दिवे लावणारेत?"

"तुम्ही एवढी वर्षं कुठले लावलेत?"

सगळ्या पगड्या गर्रकन दाराकडे वळल्या. दारात हातोडी-छिन्नी घेऊन धुरपा उभी होती. पाथरवटाची पोर, वय अठरा. चक्कीच्या दगडांना टाकी लावणं हे तिचं काम. सकाळी मात्र ती शाळेत जायची आणि गुडघ्याएवढ्या पोरांच्या मागं मांडी घालून बसायची. बाराखडी झाली होती, जोडाक्षरं राहिली होती. शाळेला कुलूप लागलं तर जोडाक्षरं जन्मभर राहूनच जाणार! गेले नऊ दिवस ती काहीतरी सांगायला येत होती आणि दारवान तिला हाकलत होता. आज तो डुलकी काढत होता, म्हणून ती आत घुसली होती.

"उद्धट कार्टी!" मोरेश्वरपंत कडाडले. "वयाचा काही मान?"

"वय तुमचं आपोआपच वाढलंय, पंत. त्यात तुम्ही काय केलंत?"

नागोजीराजे खुदकन हसले. एकोणचाळीस दिवसांत त्यांना पहिल्यांदाच जाग आल्यासारखं वाटलं.

"जीभ बरी चालते तुझी. चक्की चालवशील? ऐक तर मग! चूलपट्टी कवडीनंही वाढायची नाही. शाळा एक दिवसही बंद राहायची नाही. चक्कीला बैल नाही, रेडा नाही, माणूस नाही. आणि दिवस मावळायच्या आत चक्की फिरली पाहिजे! नाही फिरली, तर शाळेला कुलूप. तेही तूच घालायचंस."

धुरपानं मान ताठ ठेवली. "आणि फिरली तर?"

"मागशील ते!"

"मग आधी कारंजं बंद करा. आणि कुणी जागचं उठू नका."

दरबारात एकच गलका उडाला. कारण तिथला रिवाज असा, की राज्याची बोलणी करायची ती मधलं कारंजं उडत असतानाच. पाण्याच्या आवाजात हेरांना काही ऐकू जाऊ नये, म्हणून राजांच्या पणजोबांनी तो घातला होता. कारंजं थांबलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. बोलेल त्याची पगडी जप्त!

"कारंजं बंद? मग आम्ही बोलायचं कसं?" मोरेश्वरपंत किंचाळले.

"न बोलून बघा की. एकदाच!"

राजांनी खूण केली. माळ्यानं तोटी फिरवली. कारंजं बुटकं झालं, दोन उचक्या देऊन थांबलं.

आणि शांतता पसरली! मोरेश्वरपंतांचे गाल फुगले. भिकाजीपंतांनी उपरणं तोंडात कोंबलं. धुरपानं श्वास रोखून धरला. काहीच होईना. भिकाजीपंतांच्या डोळ्यांत आनंद चमकला. त्यांनी कुलूप लावल्याची खूण करून दाखवली.

तेवढ्यात टेकडीखालून आवाज आला.

खर्रर्र... घर्र... घरघर घरघर!

राजे खिडकीकडे धावले. खाली चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि चक्कीवाला पिठाचं टोपलं डोक्यावर घेऊन नाचत होता.

"फिरली!" राजे ओरडले, आणि मग जीभ चावून त्यांनी स्वतःचीच पगडी काढून प्रधानांच्या मांडीवर ठेवली. "झाली माझी जप्त! आता सांग पोरी, हे झालं कसं?"

"मला पगडीच नाही, मी बिनधास्त बोलते! महाराज, ओढा एकच. पाणी आधी तुमच्या कारंज्याला, तिथून बागेत, आणि उरलं तर चक्कीला. पूर्वी दरबार तासाभरात उठायचा, तेव्हा काही अडायचं नाही. यंदा ओढा बारीक झाला, चक्की एक दिवस अडखळली, आणि यांनी वाद काढला. वाद चालू म्हणून कारंजं चालू. कारंजं चालू म्हणून चक्की बंद. आणि चक्की बंद म्हणून वाद चालू! मी खाली दगड ठोकत बसते ना, मला रोज कळतं. पंत घोरायला लागले की चक्की फिरते. जागे झाले की थांबते!"

राजे इतके हसले की खिडकीचा गज धरून उभे राहिले.

मोरेश्वरपंतांना राहवेना. "अगं पण राज्याची गुपितं बोलायची कुठं मग?"

राजांनी हसत हसत हात पुढे केला. पंतांनी मुकाट्यानं पगडी काढून दिली.

"चक्कीच्या खोलीत बसा की!" धुरपा म्हणाली. "त्या घरघरीत हेराला काय, शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. नाहीतरी तुम्ही एकमेकांचं कधी ऐकलंत?"

आता राजे खालीच बसले! डोळे पुसत म्हणाले, "माग, काय हवं ते माग!"

"कारंज्याच्या तोटीची किल्ली. कायमची."

राजांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, वर हातातलं सोन्याचं कडं ठेवलं, आणि शाळेला रोजचं पीठ सरकारातून देण्याचा हुकूमही सोडला.

दुसऱ्या दिवशी दरबार चक्कीच्या खोलीत भरला. अर्ध्या घटकेत मोरेश्वरपंत आणि भिकाजीपंत पिठानं भुवयांपर्यंत पांढरेफटक होऊन खोकत बाहेर आले. सगळे निर्णय झाले होते, आणि दोघांचं एकमत होतं!