पिवळ्या वायरीची धावपळ

यंत्रं एकमेकांशी मोकळेपणानं बोलत, त्या काळची गोष्ट. एका रुग्णालयात सगळ्या कॉम्प्युटरांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवणारा एक स्विच होता. एका सकाळी आवराआवर करताना कुणीतरी एका पिवळ्या वायरीचं लोंबतं टोक त्याच्यातच खोचलं. दुसरं टोक आधीपासून त्याच्यातच होतं.

मग सगळ्यांसाठी आलेली एक साधी हाक त्या वायरीतून बाहेर जाई आणि फिरून आत येई. स्विच ती नवी समजून पुन्हा सगळ्यांना वाटे. बघता बघता लाखो हाका झाल्या. स्विचला धाप लागली, पण आपण फार कामाचे आहोत असंही वाटलं.

"दादा, ऑपरेशनच्या खोलीत एका बाईंना तातडीनं रक्त द्यायचंय, त्यांचा रक्तगट कळवायचाय," लॅबची वायर कळवळून म्हणाली.

"थांब गं, गर्दी आहे."

"कुणाची? एकदा बघा तरी!"

स्विचनं पाहिलं. सगळीकडे पिवळ्या वायरीतून फिरून येणारी तीच एक हाक होती. तो ओशाळला आणि त्यानं पिवळ्या वायरीचं एक टोक बंद केलं. रक्तगट क्षणात पोहोचला. बाई वाचल्या.

"सकाळपासून मी राबले, आणि मलाच बंद केलंत?" पिवळी वायर फुरंगटली.

"कुणाला काय पोहोचवलंस, सांग."

वायर आठवू लागली. अजून आठवतेच आहे.