ओलीस राजा आणि पालखीचा भोई

घाटमाथ्याच्या रणविक्रम महाराजांना निवृत्त व्हायचं होतं, पण स्वतःच्या राज्यात नाही. वरच्या थंडीनं गुडघे धरतात, म्हणून गादी मुलाच्या हवाली करून त्यांनी घाटाखालच्या माडवलीत समुद्राकाठी राहायचं ठरवलं. ज्या राज्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्याचीच हवा म्हातारपणी त्यांना मानवू लागली होती.

अडचण परवान्याची होती. माडवलीच्या नाक्यातून परवान्याशिवाय परक्याला आत सोडत नसत, मग तो राजा का असेना. महाराजांनी आधी व्यापाऱ्याचा परवाना काढला. त्यासाठी दुकान मांडावं लागलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला, महाराजांनी तलवार उपसली आणि परवाना गेला. मग यात्रेकरूचा घेतला. ऐन उपासाच्या दिवशी महाराज तळलेल्या सुरमईसकट सापडले. जावयाचा परवाना सगळ्यांत पक्का, पण त्यासाठी तिथल्या मुलीशी लग्न करावं लागे. यावर राणीसाहेब काय म्हणाल्या, ते महाराजांनी कुणालाच सांगितलं नाही.

उरला पाहुण्याचा परवाना. त्याची मुदत पंधरवड्याची. ती संपली की महाराज पालखीत बसून घाट चढायचे, आपल्या हद्दीला पाय लावायचे आणि नवा परवाना घ्यायला पुन्हा खाली उतरायचे. "फार दगदग होते हो," असं ते पालखीत लोडाला टेकून म्हणायचे.

दगदग व्हायची ती पिराजी भोयाची. पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असे. एका चढणीला तो खांदाच निखळला आणि पालखी जमिनीला टेकली. भाकरी घेऊन आलेली त्याची मुलगी येसू बापाचा हात धरून बसली. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आतून महाराज विचारत होते, "का थांबलात?"

"बाचा खांदा गेला, म्हाराज. तुमची निवृत्ती व्हईस्तवर माझा बा संपंल."

महाराजांनी पडदा बाजूला केला. "जीभ फार चालते तुझी. मग तूच शोध परवाना. मी काम करणार नाही, उपास करणार नाही, कुणापुढे वाकणार नाही आणि मुदत कधी संपता कामा नये. या खेपेला मिळाला नाही, तर तुझा बाप मरेपर्यंत पालखी वाहील."

येसूनं घटकाभर विचार केला. "मिळंल. पण दरबारात मी सांगेस्तवर तुमी बोलायचं न्हाई."

ही अट महाराजांना साऱ्या परवान्यांहून जड गेली, पण त्यांनी ती मान्य केली. दुसऱ्या भोयांनी पालखी उचलली. दोनदा वाट चुकून ती माडवलीत पोचली. मागून हात गळ्यात बांधलेला पिराजी आणि येसू चालत आले.

माडवलीचा राजा चंद्रभान दरबारात महाराजांना बघून म्हणाला, "या, या. आता कोणता परवाना हवा? कोळ्याचा?"

"परवाना नकोच, म्हाराज," येसू म्हणाली. "आमच्या म्हाराजांना ओलीस ठिवून घ्या."

रणविक्रमांचा हात तलवारीवर गेला, तोंड उघडलं आणि अट आठवून मिटलं.

"ओलीस? ते कशासाठी?"

"घाटावर नवा राजा हाय. तरणा हाय, रोज तोफा पुसतोय. त्याचा बा तुमच्या घरात असला, तर तो माडवलीवर तोफ डागंल का?"

चंद्रभान सावरून बसला. त्या तोफांपायीच त्याला हल्ली झोप येत नव्हती.

"ओलिसाला कुणी काम सांगत न्हाई," येसू म्हणाली. "त्याला उपाशी ठेवत न्हाईत, वाकवत न्हाईत. तसं केलं तर तिकडून तलवारी येत्यात. आन् मुदत म्हणाल, तर तुमाला भ्या हाय तवर." ती रणविक्रमांकडे वळली. "आता बोला, म्हाराज."

रणविक्रम इतका वेळ कोंडलेले होते. "म्हणजे मी कैदी?"

"कैद्याला कोण इचारतंय? ओलिसापायी दोन राज्यं जागी ऱ्हात्यात."

महाराजांपायी आजवर कुणी जागं राहिलं नव्हतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दारावर पहारेकरी किती देणार?"

चंद्रभानला अजून एक शंका होती. "आणि हे पळून गेले तर?"

"पायी घाट चढणं त्यांच्याच्यानं व्हायचं न्हाई. पळाले तर पालखीतनंच. आन् वाट न चुकता पालखी नेणारा भोई एकच, माझा बा. तवा त्याला आधी हितंच डांबून ठिवा. समुद्राकाठी घर द्या, दोन वेळचं जेवण द्या. आन् खांद्यावर काही घिऊ दिऊ नका, न्हाईतर पालखी उचलंल!"

चंद्रभाननं पिराजीच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ओलीस महाराजांनाही हसू आवरेना.

पिराजीला माडांच्या बागेत घर मिळालं आणि येसूला त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम. पालखी जप्त झाली होती, ती तिनं बक्षीस म्हणून मागून घेतली आणि अंगणात ठेवली. दुपारी जेवण झालं की पिराजी तिच्यात लोडाला टेकून बसायचा, समुद्राकडे बघायचा आणि शेजारच्या सज्ज्यातल्या महाराजांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "लई दगदग हुतीया, म्हाराज."