फळीवरचे दोन फोन

फार मागची गोष्ट. त्या दिवशी धुकं एवढं दाट होतं, की अंगणातला हातपंपही दिसत नव्हता. नारबा वायरमननं भंगारातले दोन जुने काळे फोन हळूहळू दुरुस्त केले होते. बायको गेल्यापासून हाच त्याचा विरंगुळा. त्यानं दोन्ही फोन एकाच फळीवर ठेवले, मधे वायर जोडली नि एकाचं हँडल फिरवलं. दुसऱ्याची घंटी खणखणली. नारबानं दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावले.

"हॅलो, जेवलात का?" त्यानं विचारलं.

"जेवलो," त्यानंच सांगितलं.

महिनाभर रोज असंच चाललं. शेवटी एका फोनलाच राहवेना.

"नारबा, तुझाच आवाज तुला किती ऐकवू? मला दुसऱ्या माणसाचा आवाज हवाय."

"दुसरं माणूस कुठून आणू बाबा?"

"मग भिंतीपलीकडं कोण खोकतंय?"

पलीकडं राहीबाई एकटीच राहायची. पाच वर्षांत तो तिच्या दारी गेला नव्हता. त्यानं वायर भिंतीवरून पलीकडं नेली, एक फोन तिच्या उंबऱ्यावर ठेवला नि लाजून लगेच घरी परतला. त्यानं आपल्या फोनचं हँडल फिरवलं. पलीकडं घंटी बराच वेळ वाजली. मग रिसीव्हर उचलला गेला.

"हॅलो! जेवलात का?" लांबच्या गावी फोन लावल्यासारखा नारबा ओरडला.

"ओरडता कशाला भावजी? भिंतीतनं सगळं ऐकू येतं. रोज तुम्ही विचारता, नि रोज मी इकडनं सांगते, नाही जेवले म्हणून."