एकाच फळीवरचे दोघे

"मग देवदूत एकाकडेच का गेला, फादर?"

वसईच्या किनाऱ्यावरचं आमचं चर्च. त्याच्या मागच्या खोलीत फादर इजिदोर जमिनीवर बसून पेत्राच्या लाकडी पुतळ्याला खोबरेल चोळत होते. दुसऱ्या दिवशी प्रेषितांचा सण. बाकीचे अकरा प्रेषित भिंतीला टेकून उभे होते.

"कुठला देवदूत?"

"तुम्हीच रविवारी सांगितलंत. राजाने याकोबाला तलवारीने मारलं. मग पेत्राला तुरुंगात टाकलं. त्याच्याकडे देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या. याकोबाच्या वेळी कुठे होता देवदूत?"

"हळू बोल. मी बहिरा आहे, पण एकाच कानाने."

मला हसू आलं नाही. माझ्या हातात करवत होती.

याकोब आणि योहान सख्खे भाऊ, म्हणून आमच्याकडे दोघांना एकाच लांब फळीवर उभं केलंय. मिरवणुकीत ती फळी उचलायचा मान आमच्या घराचा. पुढे माझा दादा, दुमिंग. मागे मी. अशी सात वर्षं.

गेल्या महिन्यात दादाची होडी उलटली. त्याच्याबरोबर बस्त्याव होता. दुसऱ्या होडीतून दोर फेकला, तो बस्त्यावच्या हाताला लागला. दादाचा देह तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

आता दादाची बाजू बस्त्याव उचलणार होता.

"त्याला होकार का दिलात?"

"त्याने येऊन मागितली. तू आलाच नाहीस."

"आता आलोय. फळी कापतो. योहानाला मी एकटा नेईन. याकोबाला कुणी हात लावायचा नाही."

फादर उठले नाहीत. बसल्या बसल्या सरकत आले आणि फळीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"चालव."

मी करवत टेकवली... हात पुढे जाईना.

"तुम्ही मला थांबवत का नाही?"

"फळी हलली तर बोटं जातील तुझी. म्हणून धरलीय."

मला काही कळेना. करवत खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली.

"होडी उलटली त्या दिवशी आम्ही इथे रोजरीची प्रार्थना म्हटली, फादर. मी दोघांची नावं घेतली. बस्त्यावचं आधी घेतलं. आपल्या माणसाचं आधी कसं घ्यायचं, म्हणून. तिथे चुकलं का माझं?"

"नाही."

"दादाचं आधी घ्यायला हवं होतं का?"

"नाही, बाळा."

"मग चुकलं कुठे?"

"मला माहीत नाही."

"साठ वर्षं फादर आहात तुम्ही!"

"बासष्ट."

...

फादरांनी कपाळाचा घाम पुसला. कपाळाला तेल लागलं.

"सुटल्यावर पेत्र कुठे गेला, ठाऊक आहे?"

"मी सहावीत शाळा सोडली."

"शाळेत नाही शिकवत ते. एका घरी गेला. आत सगळे जमून त्याच्याचसाठी प्रार्थना करत होते. याने दार ठोठावलं. आतल्यांना खरंच वाटेना. दार बंद. तो आपला ठोठावतोय."

"योहान होता आत?"

"तसं लिहिलेलं नाही."

"असणार. भाऊ मेल्यावर माणूस जाणार कुठे?"

फादरांनी तेलकट हात झग्याला पुसले.

"थाप ऐकून त्याला वाटलं असेल, याकोब आला," मी म्हणालो.

"याकोब मेलाय हे त्याला ठाऊक होतं, पास्कू."

"ठाऊक असतं! तरी वाटतं." माझा आवाज फाटला. "त्या दिवशी रोजरी संपवून घरी आलो आणि दारावर थाप पडली. मी धावलो. दादाच, दुसरं कोण! उघडलं तर ओल्या कपड्यांत बस्त्याव... त्याच्या तोंडावर दार लावलं मी. तेव्हापासून रोज येतो. मी उघडत नाही. पण अजूनही थाप पडली की आधी दादाच वाटतो. रोज. मग तो बस्त्याव निघतो. रोज."

फादरांनी फळीचं टोक परत दाबून धरलं.

बाहेर वाळूत पावलं वाजली. मी येताना लावलेल्या दारावर कुणीतरी थाप मारली. हलकीच.

"फादर, मी बस्त्याव. फळी उचलून बघायला आलोय."

...

मी हललो नाही. फादरही हलले नाहीत. त्यांचे हात अजून फळीवरच होते.

परत थाप पडली.

"फादर," मी कुजबुजलो, "योहानाने उघडलं का दार?"

"त्या घरात मी नव्हतो," फादर म्हणाले. "तू आहेस."