एक मोती, एक गाठ

तन्मणी म्हणा, चिंचपेटी म्हणा, रेशमात मोती गाठवावेत ते वेणूच्या बाबांनीच! पण गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं आणि सगळंच अडलं. बाबा सुई चाचपायचे, धागा भलतीकडेच जायचा. घरात एक वेळ भाकरी, तर एक वेळ नुसती पेज. वेणूच्या पायाला आधीच भिंगरी. त्यात हे बघवेना, म्हणून सारखी आपली आत-बाहेर, आत-बाहेर.

एका सकाळी ती अशीच बागेत पळाली. आणि काय सांगू! शेवंतीच्या पिवळ्याधमक ताटव्यात बसली होती बोटभर परी. मोरपंखी पंख, गुलाबी झगा आणि ओंजळीत मोहरीएवढे चमचमते मोती.

“माझा सर तुटला गं,” परी मुसमुसली. “गाठवून देशील? शेवटची गाठ मारताना मागशील ते मिळेल. पण मध्येच धागा खाली ठेवलास, तर इच्छा गेली.”

“बाबांचे डोळे!” वेणू टुणकन खाली बसली. “देते, आत्ता देते!”

सुई-रेशीम तिच्या खिशात असायचंच. एक मोती, एक गाठ. एक मोती, एक गाठ. मध्ये गाठ नसली, तर धागा तुटताच सगळे मोती भुर्र! पण स्वस्थ बसणं म्हणजे काय खायचं काम आहे? पाय शिवशिवले, नाक खाजलं, तरी पठ्ठी हलली नाही.

तीनच मोती उरले होते. इतक्यात हौदात डुबुक! खारीचं पिल्लू पडलं, चीं चीं करत गटांगळ्या खाऊ लागलं.

“परीताई, काढ ना त्याला!”

“पंख भिजले तर मीच बुडेन गं.”

बाबा की पिल्लू? बाबा की पिल्लू? वेणूचा जीव नुसता वरखाली झाला. आणि धागा टाकून ती धावलीच.

पिल्लू बाहेर आलं, तिच्या मनगटाला घट्ट नख्या रोवून. तिनं त्याला परकरानं पुसलं, उन्हात ठेवलं आणि मग मात्र तिला रडू कोसळलं. रडत रडतच तिनं उरलेले तीन मोती गाठवले.

“घे परीताई. तुझा सर तरी अर्धा नको राहायला.”

परीनं सर गळ्यात घातला. “नियम म्हणजे नियम, बाळ. इच्छा गेली ती गेली. पण बक्षिसाला कसला आलाय नियम?”

सोनेरी, रुपेरी, जांभळा लख्ख उजेड झाला आणि परी त्यात दिसेनाशी झाली.

वेणू सुसाट घराकडे सुटली. बाबा ओसरीवरच होते.

“अगं, हळू!” ते म्हणाले. “आणि मनगटावर हे एवढंसं काय खरचटलंय तुझ्या?”