कोंसूमायची ओळ

भाटोळीच्या बावखलाकाठी हा चुन्याने रंगवलेला क्रूस दिसतोय ना, त्याच्यापुढे मे महिन्यात रोज संध्याकाळी लदीन होते. म्हणजे सगळी आळी जमून प्रार्थना करते. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं गोड्या पाण्याचं तळं. थोड्या वेळात लोक येतील. विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणताना शेवटच्या ओळीपाशी सगळे एकदम गप्प होतील. पाहुण्यांना वाटतं, म्हणणारा विसरला. गेल्या वर्षी एक शहाणा मागून पुढचे शब्द सांगायला लागला, तर बायकांनी डोळे वटारून त्याला जागच्या जागी गार केला. म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

वसईच्या किल्ल्यावरचं निशाण बदललं, पाद्री निघून गेले आणि आमच्या चर्चला कुलूप लागलं, त्या काळातली ही गोष्ट. गावात रविवारची मिस्सा नाही की बाप्तिस्मा द्यायला कुणी नाही. उरली होती फक्त संध्याकाळची प्रार्थना, तीही तोंडपाठ, या क्रूसापाशी. ती सांगायचा इनास नावाचा पानमळेवाला. अगदी देवमाणूस. त्याची वहिनी कोंसू, विधवा बाई. तिला पास्कू नावाचा तरणाताठा मुलगा आणि कातरीन नावाची धाकटी मुलगी.

पास्कू केळी भरलेल्या मचव्यावर मुंबईला निघाला आणि वादळात मचवा बुडाला. बाकीच्यांचे देह किनाऱ्याला लागले. पास्कूचा लागला नाही. कोंसूने वेड्यासारखा किनारा तुडवला, असं सांगतात. शेवटी लोकांनी धरून घरी आणली. पुरायला काही नाही, मेणबत्ती लावायला थडगं नाही. काय करायचं हो त्या आईने?

ती प्रार्थनेला यायची, पण शेवटी ‘देहाचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन’ ही ओळ आली की तिचा धीर सुटायचा. मासळीने खाल्लेला देह कुठला उठतोय, म्हणून धाय मोकलून रडायची. इनासचं काळीज तुटायचं. एका संध्याकाळी त्याने ती ओळ म्हटलीच नाही. ‘पापांची क्षमा’ म्हटलं आणि सरळ आमेन. बायांनी तर त्याला मनातून आशीर्वादच दिला. आणि खरं सांगायचं तर कोंसूलाही बरं वाटलं. तिला ती ओळ नकोच होती.

बघता बघता गावाला तशीच सवय पडली. दोन-तीन पावसाळे गेले. एके दिवशी कोंसू ओटीवर तांदूळ पाखडत होती आणि कातरीन शेजारच्या पोरींना प्रार्थना शिकवत होती. ‘पापांची क्षमा, आमेन’ म्हणून ती थांबली.

“आणि पुढं गं?” कोंसूने सहज विचारलं.

“पुढं काय, आये? संपलं.”

कोंसू म्हणाली, “मग आपला पास्कू कुठं आहे?”

कातरीनने आईकडे नवलाने पाहिलं. “दर्यात.”

हातातलं सूप कोंसूने खाली ठेवलं. पोरीच्या लेखी तिचा भाऊ दर्यातच राहणार होता, कायमचा. ज्या ओळीने आपला जीव जळत होता, त्याच एका ओळीत पास्कू परत भेटायचा होता, आणि तीच आपण जाऊ दिली, हे तिला तिथं बसल्या बसल्या उमगलं. ती तशीच उठली आणि पानमळ्यात दिराकडे गेली.

“भाऊजी, ती ओळ परत म्हणा.”

“वहिनी, तुम्हाला सोसवत नाही म्हणूनच ना गाळली! एका ओळीने काय बिघडतं? देवाला सगळं कळतं.”

“देवाला कळतं हो. पोरांना कुठून कळणार? आणि मला सोसवत नाही म्हणून खरं ते काय खोटं होतं? आपल्याला दिलंय ते जसंच्या तसं पुढं द्यायचं. त्यात आपल्या मनाचं चालत नाही.”

इनासचे डोळे भरून आले. “मग तुमच्यासमोर माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तुम्हीच म्हणा.”

त्या संध्याकाळी इनास ‘पापांची क्षमा’पाशी थांबला. कोंसूने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. लोक गुडघे टेकून बसून राहिले. ऊन माडांच्या मागे उतरलं, गुरं आपली आपण घराकडे गेली, तरी कुणी उठलं नाही, कुणी शब्द सुचवला नाही. कातरीनने आईचा हात घट्ट धरला होता. आणि मग कोंसूने ती ओळ म्हटली. अख्खी, एकही शब्द न गाळता.

कुणी म्हणतात, त्या क्षणी बंद चर्चची घंटा आपोआप वाजली. घंटेचं मला ठाऊक नाही. माझी आजी सांगायची की त्या दिवशी, पास्कू गेल्यापासून पहिल्यांदा, कोंसूमाय पोटभर जेवली, आणि मला ते पुरेसं आहे.

पुढं चर्च उघडलं, फादर आले-गेले. एक तरुण फादर म्हणाले, काळ बदललाय, एवढं थांबायचं कशाला, आणि ती ओळही जरा आजच्या माणसाला पटेल अशी म्हणू या. आमच्या म्हाताऱ्या गोड हसल्या, फादरना तांदळाच्या रोट्या पोटभर खाऊ घातल्या, पण शब्दाला हात लावू दिला नाही.

आजही ज्याच्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्यानेच ती ओळ एकट्याने म्हणायची. कितीही वेळ लागो, गाव थांबतं.

गेल्या पावसाळ्यात माझी बायको एमेली गेली. यंदा ओळ माझ्याकडे आहे, आणि आज पहिली संध्याकाळ. सकाळपासून मळ्यात एकट्याने म्हणून पाहतोय, ‘देहाचे’च्या पुढे काही जात नाही. तेव्हा तुम्हाला घाई असेल तर आत्ताच निघा बाबांनो, मला राग नाही यायचा.

थांबताय? मग या, असे माझ्या बाजूला गुडघे टेका.