नाव न घेता

"पण अण्णा, नाव तर मी कुठंच घेतलं नव्हतं. मग गावानं तिला ओळखलं कशावरनं?"

तेरदाळे अण्णा शेंगा फोडत होते. जतच्या कोर्टात चव्वेचाळीस वर्षं वकिली करून ते आता घरी बसले होते. बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, वारल्याला सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून एकटेच.

समोर अभिनंदन मगदूम बसला होता. चार वर्षं अण्णांच्या हाताखाली काढून तो सांगलीला गेला होता आणि तिथं त्यानं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं.

"काय बोललास ते सांग," अण्णा म्हणाले.

"व्हिडिओ होता. दर आठवड्याला एक टाकतो. नोटीस आली तर काय करायचं, वारसनोंद कशी लावायची… लोकांचा विश्वास बसावा म्हणून."

"वकिलाला जाहिरात करता येत नाही."

"जाहिरात नाही ही. कन्टेन्ट. आपण माहिती द्यायची, लोक आपणहून येतात."

"येतात?"



"नुसता कायदा कोण बघत नाही, अण्णा. माणसांच्या गोष्टी बघतात. म्हणून जिंकलेल्या केसेस सांगायला लागलो. नाव, गाव, सगळं बदलून. ही तर दोन लाख लोकांनी बघितली."

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चढला. ते त्यालाच जाणवलं असावं. तो खाली बघू लागला.

गोष्ट वैजंता नावाच्या बाईची होती. नवऱ्यानं घराबाहेर काढल्यावर लहान मुलीला घेऊन तिनं तीन रात्री एसटी स्टँडवर काढल्या होत्या. माहेरी मात्र तिनं सांगितलं होतं, मावशीकडं राहिले. पोटगीचा दावा लावताना अभिनंदननं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. फक्त त्याला. हे कागदात लिहू नका, म्हणाली. त्यानंही लिहिलं नव्हतं. व्हिडिओत मात्र सांगून टाकलं होतं. पोटगी मंजूर झाली. राहत्या घराचा दावा अजून चालू होता.

"घरातनं निघाली तेव्हा तिच्याजवळ काय होतं?" अण्णांनी विचारलं.

"डोक्यावर शिलाई मशीन. व्हिडिओची सुरुवात मी तिथनंच केली. असं काही डोळ्यांसमोर उभं केलं की लोक थांबतात, पुढं बघतात."

"भर गावातनं गेली असेल, मशीन घेऊन."

"हो…"

अण्णांनी आणखी एक शेंग फोडली.

"तो व्हिडिओ तिच्या आईला कुणीतरी फोनवर दाखवला," अभिनंदन म्हणाला. "परवा वैजंता ऑफिसात आली. भांडली नाही. कागद मागितले. दुसरा वकील करते, म्हणाली. मी दिले. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, 'मी तुम्हाला सांगितलं होतं, साहेब.' एवढंच."

"व्हिडिओ काढून टाकलास?"

"त्याच दिवशी. पण तो आता कुणाकुणाच्या फोनमध्ये गेलाय. लोक माझ्याकडं यायला बिचकतात…"



मग अभिनंदननं पिशवीतून मोबाइलचा स्टँड बाहेर काढला.

"म्हणून आलोय, अण्णा. तुम्ही बोला. या तालुक्यात तुमच्याइतका विश्वास कुणावर नाही. एकच जुनी केस सांगा. चाळीस वर्षांपूर्वीची. त्यातलं आता कुणी हयातही नसेल. कुणाला त्रास नाही. तुम्ही माझ्यासाठी बोललात, तर लोक मलाही परत जवळ करतील."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.

एवढ्या सहज होकार मिळेल असं अभिनंदनला वाटलं नव्हतं. त्यानं घाईनं फोन स्टँडवर बसवला. अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले.

"विसरता येत नाही, अशी एखादी सांगा."

"एक माणूस होता…"

आणि अण्णा थांबले.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. अण्णा खिडकीच्या गजांकडं बघत होते. मध्येच त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. एकदा हात वर उचलला आणि परत गुडघ्यावर ठेवला. एकदा ते स्वतःशीच हसले. पुढं केव्हातरी डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

अभिनंदन दोनदा काहीतरी विचारायला पुढं झाला आणि दोन्ही वेळा मागं सरला.

फोनवर अकरा मिनिटं झाली.

"झालं," अण्णा म्हणाले.

"अण्णा… तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"सगळी माणसं येऊन गेली."

"कोण?"

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "जेवून जा. आमटी आहे. भाकरी सकाळच्या आहेत, चालतील ना?"

ते आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला.

अभिनंदननं फोन स्टँडवरून काढला. स्वतःच्या व्हिडिओंची यादी उघडली. केसच्या गोष्टींचे नऊ व्हिडिओ शिल्लक होते. त्यानं एकेक काढून टाकायला सुरुवात केली. प्रत्येक व्हिडिओपाशी त्यातल्या माणसाचा चेहरा आठवत होता. सातव्यापाशी त्याचं बोट थांबलं. त्या म्हाताऱ्याला त्यानं दिलेलं खोटं नाव त्याच्या लक्षात होतं. खरं नाव काही केल्या आठवेना.

त्यानं तोही काढला. राहिलेले दोनही काढले. नोटिशीचे, वारसनोंदीचे तेवढे राहू दिले.

मग त्यानं वैजंताला फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजून बंद झाली.

"उचलत नाही," तो म्हणाला.

"उचलणार नाही," आतून आवाज आला.

अण्णांनी दोन ताटं आणली. दोघं खाली बसले. अभिनंदननं भाकरी कुस्करली, वर आमटी घेतली. पहिला घास खाऊन त्यानं अण्णांकडं पाहिलं. ते मान खाली घालून जेवत होते.

"अण्णा, आमटीत मीठ राहिलंय."

"राहिलं नाही. तेवढंच घालतो."

"मग?"

अण्णांनी घास हातातच धरला…

"कोर्टातनं आल्यावर घास उतरत नसला, की तुझी काकू विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, आमटी खारट झालीय… ती दर वेळी मीठ थोडं थोडं कमी करत गेली."